इंग्रजी शब्दांचा खोका: भलत्याच जागी तुटलेले शब्द

इंग्रजी शब्द कसे घडले याची कार्डं मी एका खोक्यात, प्रकारानुसार खण पाडून साठवतो. मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे त्यातला समासांचा खण बंद केला. संपला म्हणून नाही, तर तो संपणारच नाही म्हणून. इंग्रजीत दोन नामं शेजारी बसवली की समास झाला, आणि लोक ती रोज बसवत असतात. लिहिण्यावरूनही काही ठरत नाही. ब्लॅकबर्ड जोडून, आइस क्रीम तोडून, मदर-इन-लॉमध्ये रेघा. ठरतं ते आघातावरून: 'ग्रीनहाउस' म्हणताना जोर ग्रीनवर आला तर झाडांचं काचघर, हाउसवर आला तर हिरवा रंग दिलेलं कुठलंही घर.

शाळेत समास घोकून कंटाळलेल्यांसाठी एक आनंदाची बातमी. इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांतही बहुव्रीही, तत्पुरुष, द्वंद्व याच संज्ञा आहेत, संस्कृत व्याकरणातून थेट उचललेल्या. 'पिकपॉकेट' हा बहुव्रीहीच: पिकही नाही, पॉकेटही नाही, तिसराच माणूस. आपला खिसेकापू आधी खिसा सांगतो, मग कापणं. इंग्रजीची स्वतःची चालही तीच आहे, म्हणून शूमेकर. पण पिकपॉकेट, कटथ्रोट, टर्नकोट, स्केअरक्रो यांत क्रियापद पुढे आलं आहे. हे वळण फ्रेंचच्या शेजारानं बळावलं आणि आता जवळपास थांबलं आहे. या गटाची कार्डं मी वेगळ्या रबरबँडमध्ये बांधली आहेत. मला ती सगळ्यांत आवडतात, पण त्यांच्यात नवी भर पडत नाही.

या खेपेचं खरं काम चुकीच्या तोडींवर झालं. पाठ्यपुस्तकात शब्दघडणीचे प्रकार ओळीनं मांडलेले असतात: समास, प्रत्यय, संक्षेप, मिश्रण (ब्रेकफास्ट आणि लंचचं ब्रंच) वगैरे. कार्डं साठत गेली तसं लक्षात आलं की मजेशीर शब्दांपैकी बरेचसे या रांगेतल्या कुठल्याच नियमानं झालेले नाहीत. बोलणाऱ्यानं शब्द ऐकला, सांधा नव्हता तिथे त्याला सांधा दिसला, आणि तिथून त्यानं तो तोडला. हे वेगवेगळ्या खणांत विखुरलेलं सगळं मी आता एकत्र आणलं आहे.

सुरुवात 'अ' आणि 'ॲन' या उपपदांपासून. नॅपरन हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, टेबलावरच्या कापडाच्या 'नॅप' या नावावरून झालेला. 'अ नॅपरन' बोलता बोलता 'ॲन एप्रन' झालं आणि न जो गेला तो परत आला नाही. त्याचं भावंड नॅपकिन मात्र न धरून बसलं आहे. ॲडर या विषारी सापाच्या नावातूनही असाच न गळला. उलट 'ॲन यूट'चा न पुढे सरकून न्यूट हा पाणथळ प्राणी तयार झाला, आणि 'ॲन एकनेम'चं निकनेम झालं. एक म्हणजे जास्तीचं, वरचं. आपल्या 'एक'शी त्याचा संबंध नाही, तिथे फसू नका.

पण या ढिगातला माझा लाडका अंपायर. मूळ शब्द नूंपेर, फ्रेंच 'नोंपेर'वरून: जोडीतला नसलेला, विषम, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. 'अ नूंपेर'चं 'ॲन अंपायर' झालं तेव्हा क्रिकेटचा पत्ताही नव्हता. निवाडा करणारा हा अर्थ मात्र तेव्हाच होता.

ऑरेंजला मी इथे जागा दिलेली नाही. 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' झालं ही गोष्ट सगळीकडे सापडते आणि ऐकायला छान आहे. पण आपल्या नारिंगातला न इंग्लंडला पोचण्याआधीच पडला होता. स्पॅनिशमध्ये तो अजून आहे, नारांहा. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो नाही, आणि इंग्रजीनं शब्द घेतला तो फ्रेंचकडून. तोड तशीच, पण इंग्रजांनी केलेली नव्हे. या छंदात एवढी शिस्त हवीच.

हे बहुतेक शब्द १४व्या-१५व्या शतकांतले आहेत. कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढे दोन शब्दांमधली मोकळी जागा लोकांच्या डोळ्यांत बसली. हा झरा आटण्याचं तेच मुख्य कारण असावं, असा माझा अंदाज आहे.

सांधा फक्त सुरुवातीला चुकतो असं नाही, शेवटीही चुकतो. 'पीज' (वाटाणा) हे एकवचन होतं. शेवटचा स-ज ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि 'पी' जन्माला आला. नॉर्मन फ्रेंच 'चेरीज'मधून चेरी त्याच वाटेनं आली. मग कर्त्यांची पाळी: शेवटचा 'अर' हा प्रत्यय समजून लोकांनी तोडला आणि क्रियापद काढलं. एडिटर १७व्या शतकातला, एडिट १८व्याच्या अखेरीचा. बर्गलर (घरफोड्या) जुना, बर्गल १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला. कर्ता नसला तरी टेलिव्हिजनही तसाच: तो आधी, टेलिव्हाइज नंतर. बेबीसिटर आधी, बेबीसिट नंतर.

म्हणूनच माझ्या कार्डावर वर्षाचा कोपरा सगळ्यांत मोठा आहे. ॲक्ट-ॲक्टर आणि एडिट-एडिटर या जोड्या शेजारी ठेवल्या तर कोणती सरळ घडली आणि कोणती उलट, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आजच्या इंग्रजाला तर मुळीच नाही. तोड चुकीची असली तरी शब्द एकदा वापरात मुरला की जखमेची खूणही उरत नाही. सांगतात त्या फक्त तारखा.

तारखांबद्दल नव्या मंडळींना दोन इशारे. कोशातलं वर्ष हे सापडलेल्या पहिल्या लेखी पुराव्याचं असतं, शब्दाच्या जन्माचं नव्हे. बर्गलसारखे थट्टेत निघालेले शब्द कागदावर येण्याआधी किती दिवस तोंडी फिरले असतील, कोण सांगणार. दुसरं, गूगल बुक्समध्ये जुनी वर्षं बघताना पान उघडून डोळ्यांनी वाचा. १८व्या शतकाच्या छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, आणि कधी कधी मासिकाच्या नंतरच्या अंकांनाही पहिल्या अंकाचंच साल लावलेलं असतं. असं साल कार्डावर गेलं की पुढचं सगळं वाकडं जातं.

आता तुकड्यांचा ढीग. खरी चंगळ इथे आहे.

हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बर्गचा. शहर अधिक 'अर'. पण 'हॅम' हा मांसासाठीचा शब्द इंग्रजीत आधीच होता, त्यामुळे लोकांनी हॅम आणि बर्गर असा भेद केला आणि चीजबर्गरला वाट मोकळी झाली. पुण्यात व्हेज बर्गर खाणाऱ्याला जर्मनीतलं बंदर आठवायचं काही कारण नाही.

हेलिकॉप्टर फ्रेंचमधून आला, १८६०च्या दशकातला. ग्रीकमधला खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यात आहे: मळसूत्र आणि पंख. टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राण्याच्या नावात सुरुवातीला हाच पंख आहे. पण शब्दाच्या सुरुवातीला 'प्ट' इंग्रजी जिभेला पेलत नाही, म्हणून तोड दोन अक्षरं मागे गेली. एका तुकड्यातून हेलिपॅड झालं, दुसरा तुकडा 'कॉप्टर' एकटाच हिंडू लागला. निवडणुकीत तालुक्याच्या मैदानावर चुन्यानं हेलिपॅड आखणाऱ्यांच्या हातून ग्रीक मळसूत्र अर्धवट कापलं जातं ते असं.

वर्कहॉलिक रुळवला तो वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक-मानसशास्त्रज्ञानं. अल्कोहोलमधलं 'अल' हे अरबी उपपद आणि पुढचा शब्द 'कुह्ल', म्हणजे सुरमा. तोड यांच्यामध्ये पडायला हवी होती, ती पडली अरबी शब्दाच्या पोटात. त्या तुकड्यावर शॉपहॉलिक, चॉकहॉलिक असा सगळा कारखाना उभा राहिला.

आणि बस. लॅटिन 'ओम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. लंडनच्या रस्त्यावर जॉर्ज शिलिबियरनं १८२९ मध्ये घोड्यांची ओम्निबस चालवली, आणि लोकांनी पुढचा भाग टाकून शेपूट ठेवलं. पण ते शेपूट म्हणजे निव्वळ चतुर्थीचा प्रत्यय! 'सर्वांना' या शब्दातलं 'ना' तेवढं उरावं आणि आपण रोज सकाळी 'ना' पकडायला धावत सुटावं, असा हा प्रकार. पुढे त्या प्रत्ययालाच मिनी आणि ट्रॉली चिकटल्या.

'-गेट'चं कार्ड कुठे घालायचं यावर बराच विचार केला. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या ज्या इमारतीत चोरी झाली तिचं नाव वॉटरगेट. तोड बरोबर जागी आहे, गेट हा खराच शब्द आहे, फक्त त्याला 'भानगड' हा नवा अर्थ चिकटला. सांधा खरा, अर्थ भलता. तूर्त याच ढिगात, पण कोपरा दुमडून.

मिश्रणांबद्दल मला फारसा उत्साह नाही. ब्रंच १८९५चा, स्मॉग १९०५च्या सुमाराचा, मोटेल १९२५चा. टिकले ते चांगले टिकले. बाकी जाहिरातवाले रोज दहा करतात आणि अकरा मरतात.

उलट दिशेचा एक अफलातून नमुना 'संशयित' पाकिटात आहे: डॉर्ड. वेबस्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात या शब्दाचा अर्थ 'घनता' असा छापला होता. झालं होतं असं की 'डी' हे मोठं किंवा छोटं अक्षर घनतेसाठी वापरतात अशी चिठ्ठी रसायनशास्त्राच्या संपादकानं पाठवली. कोशाच्या चिठ्ठ्यांवर मुख्य शब्दाची अक्षरं सुटी टंकायची पद्धत होती, त्यामुळे 'डी ऑर डी' हा एकच सुटा टंकलेला शब्द वाटला आणि मधल्या जागा बुजल्या. १९३९ मध्ये एका संपादकाला दिसलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, आणि बिंग फुटलं. इथे खरे सांधे होते, ते दिसले नाहीत.

नव्या शब्दांवर चिडणाऱ्यांची कार्डंही मी ठेवतो. लेखक जोनाथन स्विफ्टनं १७१० मध्ये 'मॉब' (जमाव) हा शब्द थांबवायचा प्रयत्न केल्याचं लिहिलं आहे. लॅटिन 'मोबिले व्हल्गुस'ची, म्हणजे 'चंचल गर्दी'ची, ही छाटणी त्याला असह्य होती. बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ मध्ये कोशकार नोआ वेबस्टरला पत्र लिहून नोटिस, ॲडव्होकेट, प्रोग्रेस ही नामं क्रियापदासारखी वापरणाऱ्यांची तक्रार केली. तिन्ही क्रियापदं आज सरकारी पत्रात बसतात.

याच ओघात प्रीपोन. आपल्या कचेऱ्यांत मीटिंग सर्रास प्रीपोन होते आणि कोणीतरी हटकून सांगतं की असा शब्दच नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे. १६व्या शतकात तो 'पुढे मांडणे' या वेगळ्या अर्थानं आला होता, आणि भारतीय अर्थ पोस्टपोनच्या जोडीनं घडला. त्याचा सांधा बघा: लॅटिन 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, त्यामागे पोस्ट किंवा प्री. पोस्टपोन जिथे जुळला आहे नेमका तिथेच तो सोडवला आणि दुसरा उपसर्ग लावला. बर्गर आणि कॉप्टर खपवून घेणाऱ्यांनी प्रीपोनला नाक मुरडावं, याला पक्षपात म्हणतात. या ढिगाच्या शेजारी 'बरोबर तोडलेले' असं एक पातळ पाकीट केलं आहे. त्यात तो पहिला.

एक गोष्ट अडली आहे. लेझर हा आद्याक्षरांचा शब्द, १९५७ मध्ये गॉर्डन गूल्डच्या वहीत आलेला. त्यातलं शेवटचं 'आर' हे रेडिएशनचं अक्षर. पण ते कर्त्याच्या 'अर'सारखं वाजलं आणि 'लेझ' हे क्रियापद निघालं. एडिट-बर्गलशेजारी ठेवावं की रडार, स्कूबा या आद्याक्षरांच्या शब्दांबरोबर? मी पहिल्याकडे झुकतो आहे. कोणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

पुढचा खण '-थ'चा: वॉर्म्थ, डेप्थ, ग्रोथ. प्रत्यय डोळ्यांना स्वच्छ दिसतो, अर्थही कळतो, तरी नवा शब्द करायला गेलं की 'कूल्थ'सारखा विनोद होतो. इंग्रज लेखक रस्किननं १८६०च्या दशकात वेल्थच्या उलट 'इल्थ' करून पाहिला, तोही रुजला नाही. १९००नंतर घडलेला आणि गंभीरपणे वापरला गेलेला '-थ'चा एखादा शब्द कोणाकडे असेल तर कळवा, पण वर्ष आणि वाक्य दोन्ही हवं. नुसता शब्द पाठवू नका.