बोटीच्या कडेवरून पाण्यात

फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे हवेच्या टाकीशिवाय एका श्वासावर पाण्याखाली जाण्याच्या, या सफरीत समुद्रावर निघताना आमच्या प्रशिक्षक बाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: "आधी इंजिन बंद, मग फिन्स." फिन्स म्हणजे पोहताना पायात घालायची पाती. गिअर न्यूट्रलला असला तरी बोटीचा पंखा थोडाफार फिरत राहू शकतो. म्हणून नांगर टाकल्यावर कप्तान इंजिनाची चावी काढून वर धरायचा, ती दिसली की मगच पहिला माणूस कडेवर बसायचा. काठीवर निळा-पांढरा अल्फा बावटा आधीच चढलेला असे. खाली पाणबुडे आहेत, लांबून आणि सावकाश जा, हा त्याचा अर्थ जगभरच्या खलाशांना ठाऊक असतो.

तरीही दुसरी एखादी बोट जवळून जातेच. पाण्याखाली तिचा आवाज स्पष्ट येतो, पण ती कुठल्या बाजूला आहे हे कानाला कळत नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो. वर येताना मान वळवून पाहायचं आणि वर थांबलेल्या जोडीदारावर विश्वास ठेवायचा, एवढंच हातात असतं.

आता उतरण्याबद्दल. हवेची टाकी घेऊन उतरणारे स्कूबावाले उभ्यानं मोठं पाऊल टाकून उडी मारतात. आम्हाला तसं करू दिलं नाही, आणि ते अगदी योग्य होतं. फ्रीडायव्हिंगच्या फिन्स लांबलचक असतात. उडी मारली तर पातं पाण्यावर सपाट आपटतं, घोटा नाहीतर गुडघा पिळवटतो, कार्बनचं पातं तडकूही शकतं. त्या घालून हलत्या डेकवर चालणं तर सरळ पडायला आमंत्रण. म्हणून कडेवर बसायचं, पाय बाहेर सोडायचे, तिथेच फिन्स चढवायच्या. वजनाचा पट्टा घट्ट आहे आणि त्याचं बक्कल एका हातानं सुटतंय, हे बोटांनी चाचपायचं. खाली कुणी नाही ना, ते वाकून बघायचं. मग दोन्ही तळहात एकाच बाजूला कडेवर टेकायचे, अंग बोटीकडे वळवायचं आणि हातांच्या आधारानं हळूच खाली सरकायचं. पाणी छातीपर्यंत येतं आणि डोकं कोरडंच राहतं.

रबरी बोटीवरून पाठमोरं उलटून पडण्याची पद्धत आम्ही शिकलो. मास्कवर तळहात, हनुवटी छातीशी, आणि पडण्याआधी मागे नजर. पण पर्याय असेल तिथे मी सरकतच उतरेन. उडीनं नाडी वाढते, गार पाण्यात धाप लागते, आणि ज्याला एका श्वासावर खाली जायचंय त्याला पहिली काही मिनिटं धापेत घालवून कसं चालेल? सरकून उतरल्यावर बोयाच्या, म्हणजे तरंगत्या खुणेच्या, दोराला धरून नुसतं तरंगायचं, श्वास आपणहून संथ होऊ द्यायचा. घाईनं खोल श्वास मारून दम साठवायचा नाही. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

माणसांच्या आधी बोया पाण्यात जाई. त्याच्या दोराच्या टोकाचं वजन हातोहात खाली सोडलं जाई, कारण सुटलेलं वजन खालच्या माणसावर पडलं तर काय होईल हे सांगायला नको. एक जण बोटीपासून दूर होऊन हातानं ओके दाखवी, मगच दुसरा कडेवर बसे. नांगरलेल्या बोटीवरून उतरलो की आधी पुढच्या टोकाकडे, प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर पाणीच बोटीकडे आणतं. एकदा नांगर न टाकता उतरलो, तेव्हा बाईंनी सगळ्यांना वाऱ्याकडच्या बाजूला बसवलं. वारा बोटीला आपल्यापासून दूर ढकलतो. पलीकडून उतरलो असतो तर तीच अंगावर आली असती.

दुपारी दुसऱ्या जागी पोचल्यावर बाईंनी प्रवाहाचा जोर पाहायला मागच्या बाजूनं एक दोर सोडला. टोकाला छोटा बोया होता. पाहता पाहता दोर ताणला आणि बोया भोवती पाणी फेसाळलं. "इथे नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, सगळे तयार होते, पण कुणी हुज्जत घातली नाही. नांगर उचलून आम्ही खडकाच्या आडोशाला गेलो. तिथे दोर सैलच राहिला, म्हणून तिथे उतरलो आणि ऊन कलेपर्यंत आळीपाळीनं डाइव्ह करत राहिलो.