सहा स्टेशनं

रविवार, रात्री साडेदहा

हरलो. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल.

महिन्यातून एका रविवारी आम्ही सहा रेल्वेवेडे कोल्हापूर स्टेशनजवळच्या टपरीवर जमतो आणि एकमेकांना प्रश्न घालतो. मोबाइल पालथे ठेवायचे आणि चुकेल त्याने चहा सांगायचा, एवढाच नियम. दोन कॉलेजची पोरं, एक बँकवाले, एक सराफ, मी आणि गार्डकाका. काका निवृत्त गार्ड. २०२२ पासून रेल्वे गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणते, पण मॅनेजरकाका म्हणायला कुणाची जीभ वळत नाही.

सुरुवात नेहमीसारखी स्टेशन कोडांनी. केओव्ही? किर्लोस्करवाडी, मीच. त्याचं जुनं नाव? कुंडल रोड, तेही मीच. शेणोलीचं नाव इतिहासात कशासाठी घ्यायचं, हे सराफांना आलं. जून १९४३ मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी गाडी तिथं लुटली होती. पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांचा जीव पुण्याच्या 'वंदे भारत'मध्ये अडकलेला. ती सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्यांना दुसरी गाडी दिसत नाही.

मग काकांनी विचारलं, "कोल्हापुरातनं सुटणारी कुठली गाडी मिरजेला जात नाही?" पोरं बोटं मोजायला लागली. कोयना, महालक्ष्मी, हरिप्रिया, तेराशे किलोमीटरहून जास्त धावूनही महाराष्ट्राबाहेर न पडणारी गोंदियाची महाराष्ट्र एक्स्प्रेस... काका बशीतला चहा फुंकत शांत. उत्तर अर्थातच, एकही नाही. आमच्या गावात रूळ येतात ते मिरजेकडूनच आणि येऊन संपतात. कोकणात उतरणारा वैभववाडीचा मार्ग २०१६ च्या अर्थसंकल्पात आला, पण कागदावरच राहिला. तेव्हापासून "कोल्हापूरच्या पुढचं स्टेशन कुठलं?" हा कुजका विनोद दर बैठकीला होतोच.

माझा प्रश्न मी आठवडाभर राखून ठेवला होता. कोल्हापूरच्या कुठल्या दोन गाड्यांना एकाच देवीचं नाव आहे? मुंबईची महालक्ष्मी आणि तिरुपतीची हरिप्रिया. हरिप्रिया म्हणजे लक्ष्मीच की. पण मी कुठल्या गावात बसलोय हे विसरलो. महालक्ष्मी म्हणजे इथली अंबाबाई, आणि ती विष्णूची लक्ष्मी की नाही, हा इथला जुना वाद. सराफ ताठ झाले. "आमची अंबाबाई विष्णूची बायको न्हवं!" मी म्हटलं, मी देवीबद्दल नाही, गाडीबद्दल विचारतोय. पण एकदा तो वाद पेटला की इथं कुणाचं ऐकतंय? नवरात्रात तिरुपतीहून शालू का येतो इथपासून सगळं निघालं. वीस मिनिटं गेली आणि माझा प्रश्न बाद ठरला. हा निकाल मला अजून मान्य नाही.

वाद निवावा म्हणून काका मिरजेवर आले. तिथं एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही रुंदीचे रूळ होते. एका गाडीतली पोती दुसरीत चढवायची तर सगळी हमालांच्या पाठीवरून. आपला कोल्हापूर-मिरज मार्ग संस्थानाने बांधलेला, मीटरगेजचा. १८८८ साली शाहू महाराजांच्या हातून पायाभरणी झाली, तेव्हा राज्यकारभार त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी धावली, ब्रॉडगेज व्हायला १९७१ उजाडलं. हे सगळं मला पाठ होतं. मी मध्ये मध्ये सालं पुरवत होतो, तेवढीच खाज.

तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. "लई सालं सांगतोस. कोल्हापूर आणि मिरज सोडून मधली स्टेशनं सांग बघू. किती?"

मी हसलो. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. वळिवडे, तेच, जिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. निमशिरगाव-तमदलगे आठवायला जरा वेळ लागला. पाच.

"सहा."

पुन्हा मोजली, पाचच. पोरांची पाच, बँकवाल्यांची चार. काकांनी टपरीवाल्याकडे बघून सहा चहाची बोटं केली आणि म्हणाले, "गूळ मार्केट."

पार गार झालो. गूळ मार्केट! आपल्याच गावातलं, मार्केट यार्डाशेजारचं, कोल्हापूरनंतरचं पहिलंच स्टेशन. शेकडो वेळा त्यावरून गेलोय. पण मी बसतो महालक्ष्मीत नाहीतर कोयनेत. पाटी खिडकीतून सपकन मागे जाते तेव्हा मी बॅग सीटखाली सारत असतो.

सगळ्यांचे चहा माझ्या नावावर.

घरी आल्यावर आईला विचारलं, भाजी निवडत होती. तिने हातातली पेंडी खालीसुद्धा ठेवली नाही. "गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी. गूळ मार्केटला बायका बुट्ट्या घेऊन चढायच्या, मग जागा मिळायची नाही. वळिवड्याला जरा सैल व्हायचं. मग पंचगंगेचा पूल. पुलावर तू दर खेपेला रडायचास."

"आणि रुकडीच्या पुढं?"

"पुढं कशाला जायचं? रुकडी माहेर माझं. उतरायचं."