पावतीवरची तीन अक्षरे

अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसावर राहिलेल्या बहुतेक मराठी घरांत ‘आय-७९७’ पावत्यांची, म्हणजे इमिग्रेशन खात्याने (यूएससीआयएस) अर्ज मिळाल्यावर पाठवलेल्या पोचपावत्यांची, एक जाड फाइल असते. माझ्या फाइलमधील सर्वांत जुन्या पावतीचा क्रमांक ‘ईएसी’ या अक्षरांनी सुरू होतो. म्हणजे तो अर्ज या खात्याच्या व्हरमाँट सर्व्हिस सेंटरकडे, अर्ज हाताळणाऱ्या केंद्राकडे, गेला होता. ‘डब्ल्यूएसी’ म्हणजे कॅलिफोर्निया, ‘एलआयएन’ म्हणजे नेब्रास्कातील लिंकन, ‘एसआरसी’ म्हणजे टेक्सास. राहण्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज दाखल झाला, तर निकाल लागेपर्यंत, मुदतीनंतर जास्तीत जास्त २४० दिवस, त्याच कंपनीत काम करता येते, आणि अर्ज वेळेत पोहोचल्याचा पुरावा म्हणजे ती पावती. ती येईपर्यंत आम्ही दोघेही रोज टपालपेटी उघडून पाहत होतो.

ते पाकीट तिकडे उघडणारा माणूस सरकारी नोकर नसतो, हे मला फार उशिरा कळले. अर्जावर निर्णय देणारे अधिकारी सरकारी असतात. परंतु टपाल उघडणे, माहिती संगणकात भरणे, फाइल लावणे आणि ती नेमकी अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचवणे, ही कामे या केंद्रांत वर्षानुवर्षे खासगी कंत्राटदारांच्या कामगारांनी केली आहेत. व्हरमाँट आणि कॅलिफोर्निया येथील अशा कामगारांनी १९३६ साली स्थापन झालेल्या ‘यूई’ (युनायटेड इलेक्ट्रिकल वर्कर्स) या युनियनमध्ये संघटित होऊन कंत्राटदारांशी वेतनकरार केले, आणि ही गोष्ट मला अतिशय महत्त्वाची वाटते.

या कामगारांची अडचण अशी की कंत्राट काही वर्षांनी पुन्हा निविदेला जाते. इमारत तीच, टेबल तेच, फाइलींचे ढीगही तेच. बदलतो तो फक्त पगार देणारा. जो कमी दर लावील त्याला काम, अशी स्पर्धा असेल तर कमी होणारा पैसा बहुधा कामगाराच्या पगारातूनच निघतो. म्हणून १९६५ च्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट कायद्याने अशा कामांसाठी किमान वेतन आणि लाभ ठरवून देण्याची सोय केली. १९७२ साली बर्न्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्या मालकावर जुना वेतनकरार बंधनकारक नाही असा निकाल दिला; मात्र त्याच वर्षी या कायद्यात ४(सी) हे कलम आले, आणि त्यानुसार नव्या कंत्राटदाराला जुन्या करारातील वेतन व लाभांपेक्षा सर्वसाधारणपणे कमी देता येत नाही. युनियनने एकदा मिळवलेली पगारवाढ पुढच्या निविदेत वाहून जात नाही, ती यामुळे.

परंतु हे कलम पगाराचे रक्षण करते, नोकरीचे नाही. नव्या कंत्राटदाराने जुन्या माणसांना आधी कामावर घ्यावे, हा नियम ओबामा यांनी २००९ च्या अध्यक्षीय आदेशाने आणला, ट्रम्प यांनी २०१९ मध्ये तो काढला, बायडेन यांनी २०२१ मध्ये पुन्हा आणला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा गेला. फाइल कुठे अडकते, कोणत्या अर्जासोबत कोणता कागद हमखास राहून जातो, हे पंधरा वर्षांच्या अनुभवाने जाणणाऱ्या कामगाराची नोकरी अशी दर निवडणुकीला टांगणीला लागावी, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते. हा नियम अध्यक्षांच्या सहीवर न सोडता संसदेने कायद्यात घालायला हवा.

यात आम्हा अर्जदारांचा संबंध केवळ कृतज्ञतेपुरता नाही. इमिग्रेशन खाते मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते. म्हणजे कंत्राटदाराला जाणाऱ्या पैशात आमचाही वाटा असतो. शुल्कवाढीचे प्रस्ताव येतात तेव्हा आमच्या मंडळांतून आणि व्हॉट्सॲप गटांतून चर्चा होते ती रकमेची आणि प्रतीक्षेच्या महिन्यांची. सरकार अशा प्रस्तावांवर जनतेच्या लेखी हरकती मागवते. पुढच्या वेळी माझ्या हरकतीत शुल्कासोबत त्या टपाल उघडणाऱ्या हातांच्या नोकरीविषयीही एक परिच्छेद असेल, आणि आमच्या गटातील इतरांनाही मी तो लिहिण्याची विनंती करणार आहे.