मारुती ८०० टर्बो: ब्रॅकेट आणि स्टे बसले

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आता त्याच्या कायमच्या जागी बसला आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन आणि त्याला आयएचआय कंपनीचा आरएचबी ३१ टर्बो, जपानच्या ६६० सीसी केई (छोट्या) गाड्यांवर यायचा तसला. लहानसाच आहे, तरी त्याचं वजन नुसतं मॅनिफोल्डवर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर आणणाऱ्या नळ्यांवर) सोडायचं नाही हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. मॅनिफोल्ड लालबुंद झाला की लोखंडाची ताकद निम्म्याच्याही खाली येते, त्यात तीन सिलिंडरचा थरथराट. मग तडा जातो इंजिनच्या हेडला बोल्टने बसणाऱ्या फ्लँजलगतच्या (जोडपट्टीलगतच्या) वेल्डला.

पण खालून घट्ट जखडणं त्याहून वाईट. साधं लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. हेडपासून टर्बोपर्यंत माझं अंतर १५० मिमी. ६०० अंशांनी तापलं की १ मिमीच्या थोडं वरच वाढणार. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा मॅनिफोल्ड असता तर दीड मिमीपेक्षा जास्त. ही वाढ अडवली की ताण कुठेतरी निघतोच, म्हणून स्टेने (खालून आधार देणाऱ्या रॉडने) वजन पेलावं आणि टर्बोला बाहेरच्या बाजूला सरकू द्यावं.

ब्लॉकवर आट्यांची रिकामी भोकं होती, तिथे ६ मिमी प्लेटचं ब्रॅकेट धरलं. त्यावरून टर्बाइनच्या फ्लँजपर्यंत उभा रॉड, दोन्ही टोकांना रोज जॉइंट (गोळ्यावर हवे तसे वळणारे सांधे), एका टोकाला उलटे आटे. रॉड फिरवला की उंची जुळते, चेक नट आवळला की काम झालं. जॉइंट निव्वळ धातूचेच घ्या, टेफ्लॉनचं अस्तर इथे टिकणार नाही. नायलॉक नटही (आत नायलॉनची रिंग असलेले) नकोत, त्यांतलं नायलॉन १२० अंशांच्या आसपास हार मानतं. आणि स्टे बॉडीला कधीच बांधू नका: इंजिन रबरावर हलतं, बॉडी हलत नाही.

या सगळ्याच्या आधी ऑइल ड्रेन, म्हणजे टर्बोतलं ऑइल परत इंजिनात नेणारी वाट. टर्बोतून ऑइल फेसाळ होऊन निघतं आणि केवळ उतारानेच खाली जातं. म्हणून ओळंबा लावून टर्बोचं मधलं हाउसिंग फिरवलं, ड्रेनचं तोंड सरळ खाली आणलं आणि मगच पुठ्ठ्याचे साचे कापले. ही जागा ठरल्याशिवाय एकही प्लेट कापू नये असं माझं ठाम मत आहे.

प्लेटा उद्यमनगरातून लेझरवर कापून आणल्या. १२ मिमीच्या फ्लँजला टॅक (वेल्डचे तात्पुरते टिपके) गाडीतच मारले. पक्कं वेल्डिंग मात्र जाड प्लेटवर बोल्टने आवळून, आलटून पालटून थोडंथोडं. थंड होईपर्यंत सोडलं नाही. शेवटी सरफेस ग्राइंडरवर एक हात. वेल्डिंगवाल्या मामांनी आर्गनने ओढलेली ती शिवण बघत राहावी अशी आहे!

गाडीत असे बदल करायला मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडी रस्त्यावर नेणार नाही, फक्त खाजगी जागेत चालवणार. पुढचं काम संपचं (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचं): ड्रेनचा पाइप ऑइलच्या पातळीच्या वर, मध्ये कुठेही झोळ न पडता उतरवायचा आहे. कुणी ८०० चा संप न उतरवता तिथे बंग (पाइप जोडायचं तोंड) बसवला असेल तर नक्की सांगा.