एक दिवस मागे

गुरुवार, १२ जून, रात्रीचे साडेदहा

ट्रेनिंगचा सातवा आठवडा संपत आला आणि आज पहिल्यांदा माझ्या कोडमुळे एका खऱ्या माणसाची सकाळ वाया गेल्याचं कळलं.

ठाण्याला पनवेलची गाडी सोडली, वाशीच्या गाडीत चढले. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, तरी बाबा अजून 'ठाण्यानंतर ऐरोली' असंच धरून चालतात. घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने महापे. जागेवर पोचते न पोचते तोच टीम लीड उभा. "तारीख बदला हे बटण तुझंच ना?"

माझंच. पॅथॉलॉजी लॅबचं काम आहे, घरी येऊन रक्त घेऊन जाण्याचं बुकिंग. मंगळवारी संध्याकाळी बटण लाइव्ह झालं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं. एका आजोबांनी त्यावरून आजची, १२ तारीख घेतली आणि माणूस कालच सकाळी सातला त्यांच्या दारात. उपाशीपोटीची शुगर तपासायची होती आणि आजोबांचं चहा-बिस्कीट होऊन गेलेलं.

मी आधी फॉर्म उघडला. त्यात १२. मग टेबल पाहिलं, म्हणजे डेटाबेसमध्ये बुकिंगं साठतात तो तक्ता. त्यात ११. लगेच म्हटलं, डेटाबेसचा घोळ आहे. (एवढ्या खात्रीने मी कॉलेजच्या व्हायव्हातही कधी बोलले नव्हते.) माझा मेंटॉर साताऱ्याचा, आवाज न चढवता बोलतो. म्हणाला, "फुल-स्टॅक शिकायला आलीस ना? मग फॉर्मही तुझा, सर्व्हरही तुझा, टेबलही तुझंच. ढकलणार कुणावर? तारखेच्या मागे मागे जा, कुठे बदलते बघ."

गेले. ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान सर्व्हरकडे काय पाठवतं ते तिथे दिसतं) उघडून ठेवला, बटण दाबलं. सर्व्हरकडे निघालेल्या रिक्वेस्टमध्येच ११ होते. म्हणजे बिचाऱ्या डेटाबेसला जे दिलं ते त्याने मुकाट्याने ठेवलं होतं. मग फॉर्मच्या कोडमध्ये एक ओळ टाकून कापण्याआधीची तारीख-वेळ पूर्ण छापली: ११ जून, १८:३०, शेवटी झेड. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. ते साडेसहा बघितले आणि पोटात गोळाच आला. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १२ तारखेची मध्यरात्र होते तेव्हा तिकडे ११ ची संध्याकाळ असते. कॅलेंडरवर तारीख निवडली की भारतातली मध्यरात्र मिळते. मी तिच्यावर टू-आयएसओ-स्ट्रिंग (तारखेचं अक्षरांत रूप करणारी आज्ञा) चालवलं, त्याने ती यूटीसीत नेली आणि मी त्यातली पहिली दहा अक्षरं कापून पुढे पाठवली. वेळ गेली, चुकीची तारीख उरली.

मग कोड आपोआप तपासणारी टेस्ट पास कशी झाली? कारण ती ज्या मशीनवर चालते तिचं घड्याळच यूटीसीवर आहे. तिथली मध्यरात्र यूटीसीचीच, मग फरक पडणार कुठून. आणि मी हाताने तपासलं तेव्हा 'बदल सेव्ह झाला' हा हिरवा संदेश बघून खूश झाले होते. तारीख बघितलीच नव्हती. हे मेंटॉरला सांगितलं नाही, इथे लिहिते.

दुरुस्ती तीन ओळींची. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढायचे आणि साधी तारीख पाठवायची, वेळ नकोच. त्यातही मी महिन्यात एक मिळवायला विसरले आणि जूनचा मे झाला. रिव्ह्यूत पकडलं गेलं. आमचा फॉर्म ज्या भाषेत लिहिलाय त्या जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी म्हणजे शून्य. १९९५ मध्ये ब्रेंडन आयकने दहा दिवसांत ही भाषा उभी केली, तेव्हा तारखेचा भाग जावा या दुसऱ्या भाषेवरून उचलला. जावाने १९९७ मध्येच त्यातल्या बहुतेक गोष्टी 'आता वापरू नका' म्हणून बाजूला टाकल्या. आपण अजून शून्यापासून मोजतोय.

दुपारी अशी चुकलेली आणखी बुकिंगं शोधली. सहा निघाली. टेबलात दुरुस्त केली, पण फोन तर करायलाच हवे होते. फोन लॅबच्या ताईंनी केले, मेंटॉरने मला कॉलवर नुसतं ऐकायला बसवलं. आजोबा रागावले नाहीत. फक्त तीनदा विचारलं, "उद्या म्हणजे शुक्रवारीच ना?" त्यानंतर मी एसएमएसमध्ये तारखेपुढे वारही टाकला. तो कुणी मागितला नव्हता.

घरी सांगितलं तर आई कणीक मळता मळता म्हणाली, "त्यात काय एवढं? संकष्टीला नागपूरच्या मावशीचा चंद्र आपल्या आधी उगवतो. कॅलेंडरात गावागावाची वेळ वेगळी छापतातच की." बाबांनी एवढंच विचारलं, की स्टायपेंड कापणार का.

उद्या सातला माणूस आजोबांकडे जाईल. मी तेव्हा उठून काहीच उपयोग नाही. तरी पावणेसातचा गजर लावलाय.