सेशन ९ : एक मशाल, सोळाशे चांदीची नाणी

१९८१ची बेसिक डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र चालवायचा फाशांचा खेळ) काटेकोर चालवायची ठरवल्यापासूनचं हे चौथं सेशन. वजनाचा नियम पुस्तकात ऐच्छिक आहे, मी तो सक्तीचा केलाय. टर्न मोजायला कॅरमच्या सोंगट्या घेतल्यात. मशाल पेटली की सहा काळ्या टेबलावर, खेळातल्या दहा मिनिटांचा टर्न सरला की एक डब्यात. सुरुवातीला सगळे हसले. आता कोणाची तरी नजर सतत त्या सोंगट्यांवर असते.

आधीच्या सैल कॅम्पेनमध्ये, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या सलग खेळात, माझ्याकडे एकच नियम होता, डीएमला (खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे मला) पटलं की झालं. मला वाटायचं, काय मोकळा खेळ आहे! प्रत्यक्षात तो गल्ली क्रिकेटसारखा झाला होता, आवाज ज्याचा त्याची बॅटिंग. आमचा फायटर, म्हणजे योद्धा चालवणारा, बोलण्यात पटाईत, त्यामुळे त्याची प्रत्येक उडी मला पटायची. जादूगार चालवणारी मात्र कमी बोलते. दीड वर्ष आम्ही तिला लिंबूटिंबूच करून ठेवलं होतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तर परवा. भुयाराच्या दाराबाहेर पडायला ३६० फूट, हातात नुकतीच पेटवलेली शेवटची मशाल, आणि पेटीत १६०० चांदीची नाणी. या पुस्तकात वजन नाण्यांतच मोजतात. ४००पर्यंत टर्नला १२० फूट, ६००पर्यंत ९०, ८००पर्यंत ६०, त्यापुढे १६००पर्यंत ३०. सगळी टोळी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीनं.

फायटर म्हणाला, चौघांत सारखी वाटू. साखळ्यांचं चिलखत ४००, तलवार ६०, किरकोळ सामान ८०. म्हणजे तो आधीच ५४०वर. वर ४०० घेतली की ९४०, म्हणजे ३० फूट, म्हणजे बारा टर्न. मशाल सहाच टर्नची. निम्मा रस्ता काळोखात.

पूर्वी असतं तर इथे तासभर वकिली झाली असती. जादूगारबाईंनी कागद पुढे सरकवला. फायटरला २६०, क्लेरिकला (लढणाऱ्या पुजाऱ्याला) २७०, चोराला ४६०, आणि स्वतःला ६१०! तिच्या अंगावर एक खंजीर नि सामान, जेमतेम ९०. कोणीच ८००च्या वर जात नाही, चाल ६० फूट, बरोबर सहा टर्न. अट एकच, पाच टर्न चालल्यावर सहाव्या टर्नला घ्यायची विश्रांती सोडायची आणि त्यापायी हल्ल्याच्या नि नुकसानीच्या फाशाला उणे एक सोसायचा. म्हणजे टोळीतल्या सर्वांत अशक्त माणसाची हमाली. टेबल पाच सेकंद गप्प होतं.

माझं मत तिथे पक्कं झालं. या पुस्तकातले नियम एकमेकांत अडकलेले आहेत. वजनावर चाल, चालीवर वेळ, वेळेवर उजेड, आणि दर दोन टर्नला भटक्या राक्षसांचा फासा, एक पडला की ते हजर. त्यामुळे आकडे वाचणाऱ्याला मला पटवत बसावं लागत नाही. तपशील म्हणून तपशील मला नकोच आहे. २००३च्या डी अँड डीच्या साडेतीन आवृत्तीतलं ग्रॅपल, म्हणजे शत्रूला धरून ठेवण्याचा नियम, आम्ही एकदा चालवलंय. आधी समोरच्याचा संधीचा वार, मग स्पर्शाचा हल्ला, मग दोघांचे फासे, आणि एवढं करून पकडलं कोणाला, तर एका कोबोल्डला, म्हणजे अगदी किरकोळ राक्षसाला. तो नियम आपल्याच कोपऱ्यात गुंतून बसतो, बाकी खेळाला त्याचं काही देणंघेणं नाही.

निघालो. दुसरा टर्न, फासा चार. चौथा टर्न, पाच. सहाव्याला, दार समोर दिसत असताना, एक. गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस.

फायटरचा वार नेमका एकनं हुकला. तोच उणे एक. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सोंगट्यांकडे, आणि चक्क काही बोलला नाही. रडीचा डाव नाही! मग पळ काढला. पाठलाग करणारे बुद्धिमान असतील तर टाकलेल्या खजिन्याला भुलतात, सहापैकी तीनदा, म्हणजे फासा तीनपर्यंत पडला तर. जादूगारनं ३०० नाणी सांडली, मी उघड्यावर फासा टाकला, दोन. गोब्लिन वेचत बसले.

जमा : १३०० चांदीची, म्हणजे १३० सोन्याची, म्हणजे खजिन्याचे प्रत्येकी साडेबत्तीस एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांवर पात्राची लेव्हल वाढते). फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. पुढच्या खेपेला मशाली डझनभर घ्यायच्या ठरल्यात, आणि त्या कोण उचलणार यावर आत्तापासून हिशेब सुरू झालाय.