तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावर पेशंट असताना नमाजचं काय?

इंटर्न विचारतात, पेशंटसोबत आलेल्या बाया विचारतात, लग्नकार्यात नात्यातल्या मुली तर हमखास: पाच वेळची नमाज आणि ही ड्यूटी, जमतं कसं? मी परभणीत भूलतज्ज्ञ आहे. बहुतेक काम सिझेरियनचं.

आधी घड्याळ. पाचही वेळच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजा मिळून १७ रकात (उभं राहणं, वाकणं, सजदा अशी एक फेरी म्हणजे एक रकात). चार रकातींना सहा-सात मिनिटं पुरतात. शिवाय अजान झाली त्याच मिनिटाला उभं राहायला हवं असं नाही. आम्हा हनफी पंथीयांची जुहर, म्हणजे दुपारची नमाज, उन्हाळ्यात साडेबारापासून पाचच्या आसपासपर्यंत चालते. लांबलेली केस असली तर जुहर अगदी शेवटी आणि असर (तिसऱ्या प्रहरची) लागल्या लागल्या, एकाच वजूत, म्हणजे नमाजआधी एकदाच हातपाय-तोंड धुऊन, दोन्ही होतात.

ओढाताण होते ती डिसेंबरात. असर सव्वाचारला लागते, पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मगरिबला, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजला, जेमतेम सव्वा तास. नेमक्या त्याच वेळी दिवसभर कळा सोसून थकलेल्या बाया पाथरी, जिंतूर, गंगाखेडहून रेफर होऊन येतात. स्पायनल (पाठीतून भूल) दिलं की पहिली काही मिनिटं मी उशापासून हलत नाही. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी झपकन उतरतं. "मॅडम, कसंतरीच होतंय" म्हणते ती, आणि मॉनिटरवर आकडा यायच्या आधी तिच्या ओठांचा रंग सांगून जातो. बीपी वर आणणारं मेफेन्टरमिन सिरिंजमध्ये भरून हाताशी तयार असतं. बाहेर अजान होते, मी मनात जबाब देते, नजर बाईवरच. साधं सिझेरियन पाऊण तासात आटोपतं आणि मगरिब मिळते. रक्तस्राव थांबत नसेल, झटके येत असतील, तर नाही मिळत. मग इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) आधी ती कझा, म्हणजे वेळ टळल्यावरची म्हणून, पढते आणि त्याचं ओझं घरी नेत नाही.

"म्हणजे दीन मागे पडला ना?" म्हणजे धर्म मागे पडला ना, असं एका मावशींनी विचारलं होतं. मला ते अजिबात पटत नाही. कुणी बुडत असेल, आगीत सापडलं असेल, तर नमाज तोडून धावायचं, हे फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, किताबांत आहे. डॉक्टरांनी काढलेली ती पळवाट नव्हे. सिस्टरनी दारावर थाप मारली आणि मी रुकूतून (कमरेत वाकलेली असताना) तशीच ओटीत गेले, असं घडलेलं आहे. आणि बुखारी शरीफमधली एक हदीस (पैगंबर साहेबांची नोंदलेली आठवण) मला फार जवळची वाटते. पैगंबर साहेब नमाज लांबवायच्या इराद्याने उभे राहत. पण मागून लेकराचं रडणं कानी आलं की ती आटोपती घेत, कारण आईच्या जिवाची घालमेल त्यांना जाणवे. आमच्या लेबर रूमला याहून मोठा आधार कुठला हवा?

वजूबद्दलही मुली विचारतात. पेशंटचं रक्त उडालं म्हणून वजू तुटत नाही. जागा धुवायची, कपडे बदलायचे.

अवघड आहे ते मन. सजद्यातही कानात पल्स ऑक्सिमीटर वाजत असतो. सॅच्युरेशन घसरलं की त्याचा सूर उतरतो, आणि तो उतरतोय का हेच मी ऐकत राहते. म्हणून पेशंट दुसऱ्या भूलतज्ज्ञाच्या हवाली केल्याशिवाय मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) उभी राहत नाही. बीपी किती, ब्लीडिंग किती, शेवटचं इंजेक्शन कधी, लघवी किती, सगळं सांगून. नुसतं "पाच मिनिटांत आलेच" म्हणून कधीच नाही. तेव्हा कुठे सुरा सलग पढता येते.

पीजीला लागणाऱ्या मुलींनो, पहिल्याच दिवशी युनिटला सांगून टाका. लपूनछपून नमाज पढलात तर लोकांना वाटतं तुम्ही काम टाळताय. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) शिकताना आमच्या एक सीनियर मॅडम होत्या, वारकऱ्यांच्या घरातल्या. संध्याकाळ झाली की म्हणायच्या, "जा, पढून ये, मी बसते." आषाढीला त्यांची ड्यूटी मी मागून घ्यायचे. आता आमच्याकडे नवी मुलगी रुजू झाली की रोस्टर लावण्याआधी मी तिच्या वेळा विचारते. नमाजच्या असोत, उपवासाच्या असोत, नाही तर घरी दूध पिणारं बाळ असो.